मार्जार, घरातील वनस्पती आणि आपले कर्तव्य

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नरक्षाध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. सविष अन्न ओळखण्यासाठी कोणते पशुपक्षी उपयोगी पडतात आणि त्या प्रत्येकाच्या ठिकाणी कोणते लक्षण दिसते, याचे वर्णन वाग्भटाचार्यांनी तेथे केले आहे. चकोराच्या नेत्रांचा वर्ण पालटतो, क्रौंचाला मद चढतो, वानर मलत्याग करतो, मोर मात्र हर्षित होतो. याच मालिकेत मार्जाराचाही समावेश असून विषान्न पाहून ते उद्विग्न होते, असे आचार्य सांगतात. विषान्नपरीक्षा एवढ्याच दृष्टीने आपण हा भाग वाचतो. परंतु त्यात एक व्यापक तत्त्व दडलेले आहे. विष एकच असते. त्याचे परिणाम मात्र जीवाजीवागणिक निराळे होतात. प्रस्तुत लेखाचा सारा आधार या एका तत्त्वावर आहे.

हा विषय आजच मांडण्याचे कारण असे, की शहरांतील सदनिकांत कुंड्यांची आणि मांजरांची संख्या एकाच वेळी वाढते आहे. खिडकीत कोरफड, पानफुटी व मनी प्लँट, दिवाणखान्यात डिफेनबॅकिया, आणि या सर्वांमधून स्वैर संचार करणारे एक मांजर, हे चित्र आता घरोघरी दिसते. त्या मांजराने काही खाल्ले, ते ओकू लागले, लाळ गाळू लागले, की पहिली विचारणा अनेकदा शेजारच्या वैद्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या औषध दुकानात होते. “झाड तर औषधीच आहे, मग अपाय कसा होईल?” हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. आपण त्यावर काय उत्तर देतो, यावर एका मुक्या जीवाचे प्राण अवलंबून असतात.

मार्जाराचे शरीर वेगळे का?

द्रव्याचा निर्णय करताना आपण देश, काल, बल, वय, प्रकृती, सात्म्य यांचा विचार करतो. येथे त्या सर्वांच्या आधी जातीचा विचार करावयास हवा. सशाचे उदाहरण घ्या. अनेक सशांच्या रक्तात ॲट्रोपिनचे विघटन करणारे एन्झाइम असते. त्यामुळे धोतऱ्याच्या वर्गातील ज्या पाल्याने माणूस बेशुद्ध होईल, तो पाला असा ससा पचवू शकतो. मांजराची गोष्ट नेमकी उलट आहे. माणसाला सहज पचणारी कित्येक द्रव्ये त्याला विषवत् ठरतात.

मांजर हे स्वभावतः केवळ मांसाहारी आहे. वनस्पतिज द्रव्यांतील फिनॉल जातीचे घटक निकामी करण्यासाठी माणसाचे यकृत त्यांचा ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग घडवून आणते आणि ते मूत्रावाटे बाहेर टाकते. यासाठी लागणाऱ्या एन्झाइमांपैकी एक महत्त्वाचे एन्झाइम बनविणारे जनुक मांजरात निकामी झालेले आहे. परिणामी असे घटक त्याच्या शरीरात दीर्घकाळ साचून राहतात. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एक गोळी प्रौढ माणसाच्या अंगदुखीवर सर्रास दिली जाते. तीच एक गोळी चार किलो वजनाच्या मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून ‘माणसाच्या मात्रेच्या पंधराव्या हिश्शाइतके द्या’ असा वजनाचा त्रैराशिक हिशेब मांजराच्या बाबतीत मुळातच चुकीचा ठरतो.

दुसरी गोष्ट त्याच्या सवयीची. मांजर आपले अंग सतत चाटून स्वच्छ ठेवते. अंगावर पडलेला पराग, सांडलेले तेल, पायाला लागलेला चीक, हे सर्व शेवटी त्याच्या पोटातच जाते. त्याने झाडाचे पान खाल्ले नाही, एवढ्यावरून विषसंबंध नाही असे मानता येत नाही.

सर्वांत घातक : लिलियम

घरातील वनस्पतींमध्ये मांजराला सर्वाधिक घातक ठरणारी वनस्पती म्हणजे खरी लिली. शास्त्रीय भाषेत लिलियम ही प्रजाती, आणि तिच्याच जोडीला हेमेरोकॅलिस म्हणजे डे लिली. पुष्पगुच्छांत मिळणाऱ्या मोठ्या, सुगंधी ओरिएंटल आणि रंगीत एशियाटिक लिली याच लिलियम प्रजातीतील होत. तिच्या पानाचा वा पाकळीचा एखादा तुकडा, अंगावरून चाटलेला थोडा पराग, इतकेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीदेखील मांजराचे वृक्क निकामी करण्यास पुरेसे ठरते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पशुवैद्यकांनी या विषबाधेकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले. यातील नेमका विषारी घटक अद्याप निश्चित झालेला नाही. कुत्र्याने हेच पान खाल्ले तर त्याला पोटाचा त्रास होतो, परंतु त्याचे वृक्क शाबूत राहतात. जातिभेदाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्या दृष्टीने यात एक विशेष लक्षणीय बाब आहे. अष्टवर्गातील क्षीरकाकोली म्हणून आज जी हिमालयीन वनस्पती ओळखली जाते, ती लिलियम पॉलिफायलम ही याच प्रजातीची आहे. चरकाचार्यांनी क्षीरकाकोलीची गणना जीवनीय गणात केली; च्यवनप्राशाच्या पाठात तिला स्थान आहे. जी प्रजाती माणसाला जीवनीय व रसायन, तीच मार्जाराला प्राणहर. चिकित्सेत तर लिलियमची प्रत्येक जात मांजराला घातक धरूनच चालावे लागते.

लक्षणांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या काही तासांत उलट्या, लाळ, मलूलपणा व अन्नद्वेष दिसतो. पुढे उलट्या थांबतात आणि घरच्यांना हायसे वाटते. हीच सर्वांत फसवी अवस्था होय. या काळात वृक्कांचा नाश चालू असतो. साधारणतः एक ते तीन दिवसांत मूत्र घटत जाऊन बंद होते आणि त्यानंतर मृत्यू ओढवतो. विषसंबंधानंतर १८ तासांच्या आत शिरेवाटे द्रवचिकित्सा सुरू झाली तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते; त्यानंतर ती झपाट्याने मावळते.

आमच्या परिसरातील एका कुटुंबाकडे वाढदिवसाला आलेला गुच्छ टेबलावर ठेवलेला होता. त्यांच्या तरुण बोक्याच्या नाकावर पिवळा पराग दिसला, तेव्हा सर्वांनी कौतुकाने छायाचित्रे काढली. रात्री त्याने दोन-तीन वेळा ओकारी काढली. सकाळी तो शांत झोपला होता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तिसऱ्या दिवशी त्याला लघवी होत नाही म्हणून घरातील आजी आमच्याकडे पुनर्नवा व गोक्षुराचा काढा मागण्यास आल्या. आम्ही काढा न देता त्यांना तत्काळ पशुवैद्यकांकडे पाठविले. तोवर वेळ निघून गेलेली होती. बोका वाचला नाही. त्या घरात कोणीही निष्काळजी नव्हते. फुलाचे नाव आणि अठरा तासांची मर्यादा, एवढ्या दोन गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या.

नावांचा घोळ

मराठीत ‘लिली’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पावसाळ्यात उगवणारी रेन लिली, पांढरी स्पायडर लिली, लाल गोळ्यासारखी फुटबॉल लिली आणि आपला सुदर्शन या खऱ्या लिली नव्हेत. त्या सर्व नर्गिसच्या कुळातील आहेत. त्या कुळात लायकोरिन हा तीव्र वामक घटक आढळतो. त्यांच्या कंदाने मांजराला उलट्या व अतिसार होतात, परंतु लिलियमप्रमाणे वृक्कनाश होत नाही. पीस लिली ही अळूच्या कुळातील. ग्लोरिओसा लिली म्हणजे आपली कळलावी, अर्थात लांगली. तिच्यातील कोल्चिसीन माणूस आणि मांजर दोघांनाही मारक आहे. निशिगंध तर कोणत्याही अर्थाने लिली नव्हे. यास्तव ‘लिली खाल्ली’ असे कोणी सांगितल्यास तेवढ्यावर न थांबता झाडाचा तुकडा किंवा छायाचित्र पाहावयास मागावे. नाव निश्चित होईपर्यंत मात्र लिलियमच आहे असे समजून घाई करावी.

घरोघरी आढळणाऱ्या अन्य वनस्पती

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात स्थावर विषाची मूळ, पत्र, फल, पुष्प, त्वक्, क्षीर, सार, निर्यास, धातू व कंद अशी दहा अधिष्ठाने सांगितली आहेत. कुंडीतील झाडांकडे पाहतानाही हीच चौकट उपयोगी पडते. कारण झाड ओळखल्यावर पुढचा प्रश्न ‘मांजराने त्याचा कोणता भाग खाल्ला?’ हाच असतो.

अळूचे कुळ : मनी प्लँट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली ही सर्व या कुळातील. यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने वा सुरणाने घसा खाजतो, म्हणून आपण भाजीत चिंच घालतो. तोच हा प्रकार. मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, ते पंजाने तोंड घासते व ओकते. हा त्रास बहुधा जीवघेणा नसतो. मात्र जिभेला व घशाला सूज येऊन श्वास अडू लागल्यास विलंब करू नये.

कण्हेर, बिट्टी व पानफुटी : करवीर हे शार्ङ्गधरांच्या सात उपविषांपैकी एक. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, या दोन्हींतील ग्लायकोसाइड हृदयावर परिणाम करतात, हे आपणास ठाऊकच आहे. परंतु पानफुटीकडे आपले लक्ष जात नाही. मूतखड्यावर घरोघरी पान चावून खाल्ली जाणारी पर्णबीज ही कलांचो प्रजातीतील वनस्पती असून तिच्यात बुफाडायिनोलाइड नावाचे, हृदयावरच कार्य करणारे घटक असतात. या प्रजातीमुळे ऑस्ट्रेलियात गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. शोभेसाठी विकले जाणारे रंगीत फुलांचे कलांचोही त्याच प्रजातीतील. मांजराने ते खाल्ल्यास उलट्या-अतिसाराबरोबर नाडीची अनियमितता संभवते.

कोरफड : कुमारीच्या पानातील पांढरा गर व सालीलगतचा पिवळा चीक यांतील भेद वैद्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. हा चीक आटवूनच काळाबोळ होतो. त्यातील अँथ्राक्विनोन घटकांमुळे मांजराला उलट्या व रेच होतात. मांजर पान चावते तेव्हा गर आणि चीक वेगळे करून खात नाही.

सायकस : शोभेचा हा ताडसदृश वृक्ष आता मोठ्या कुंड्यांतही लावतात. त्यातील सायकॅसिन यकृताचा नाश करते. झाडाचे सर्व भाग विषारी, त्यातही बिया अधिक.

ड्रॅसिना व स्नेक प्लँट : यांतील सॅपोनिनमुळे लाळ, ओकारी व अरुची उत्पन्न होते. त्रास बहुधा सौम्य असतो.

पॉइनसेटिया : नाताळात दिसणाऱ्या या लाल पानांच्या झाडाची दुष्कीर्ती त्याच्या विषापेक्षा मोठी आहे. त्याच्या चिकाने तोंड व पोट थोडे बिघडते, यापलीकडे सहसा काही होत नाही. निष्कारण भय घालणे हेही वैद्याचे काम नव्हे.

ज्यांना मांजर आणि हिरवळ दोन्ही हवे आहे, त्यांना गुलाब, अरेका पाम व स्पायडर प्लँट ही निर्धोक झाडे सुचवावीत. मांजराला गवत कुरतडण्याची ओढ असतेच. त्यासाठी एका पसरट कुंडीत गहू पेरून त्याचे कोवळे अंकुर त्याच्यासमोर ठेवावेत.

आपल्याच फडताळातील धोके

औषधविक्रेत्या बंधूंनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. अनेक वेदनाहर तेलांत व मलमांत गंधपुरा तेल असते आणि त्यातील मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट होय. मांजराच्या शरीरातून सॅलिसिलेटचा अर्धा अंश बाहेर पडण्यास दीड दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. गुडघ्याला तेल चोळून बसलेल्या आजोबांच्या मांडीवर मांजर येते, गुडघा चाटते, किंवा तेथे अंग घासून नंतर स्वतःचे अंग चाटते. निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व व टी ट्री तेल यांबाबतही हीच सावधगिरी हवी. पिसवा जाव्यात म्हणून अशी तेले मांजराच्या अंगाला चोळण्याचा सल्ला कोणी मागितल्यास स्पष्ट नकार द्यावा.

लसूण व कांदा यांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व पांडुता येते. चूर्णाच्या रूपात हा धोका अधिक, कारण द्रव्य एकवटलेले असते. तेव्हा मांजराचे पोट फुगले म्हणून लशुनादि वटी देणे हे औषध नव्हे, अपाय होय.

वत्सनाभ, कारस्कर, धत्तूर आदी द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये येतात आणि ती ज्यांत आहेत अशा पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापलेली असते. ती सूचना माणसांसाठी आहे. शोधन केलेले द्रव्य माणसाला मात्रेत सुरक्षित असते म्हणून ते मांजरालाही सुरक्षित आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

काय करावे, काय करू नये

विषचिकित्सेतील आपले परिचित उपक्रम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वमन हा विषाच्या प्रथम वेगातील श्रेष्ठ उपाय खरा. परंतु मांजराला मिठाचे पाणी पाजून ओकविणे हे स्वतःच विषतुल्य आहे. अतिरिक्त मिठाने त्याच्या मेंदूवर परिणाम होतो. मदनफळ वा अन्य वामक देऊ नये. बळेच ओतलेले दूध किंवा तूप श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. लंघनाचाही विचार सोडावा. माणसाच्या अनेक विकारांत लंघन हितकर ठरते, पण मांजर, विशेषतः स्थूल मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात मेद साचून नवाच प्राणघातक विकार उद्भवतो.

करावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. मांजराला झाडापासून दूर न्यावे. अंगावर पराग, चीक किंवा तेल असल्यास ते ओल्या फडक्याने पुसून काढावे व पुसून होईपर्यंत त्याला अंग चाटू देऊ नये. झाडाचा तुकडा, पान किंवा छायाचित्र सोबत घ्यावे. केव्हा खाल्ले, किती खाल्ले, मांजराचे वजन किती आणि शेवटची लघवी केव्हा झाली, याची चिठ्ठीवर नोंद करावी. नंतर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे जावे. लिलियमचा नुसता संशय असला तरी हाच नियम.

येथे कायद्याचेही भान ठेवावयास हवे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. आपली पदवी मानवचिकित्सेची आहे. हत्तींसाठी पालकाप्याचा आणि अश्वांसाठी शालिहोत्राचा स्वतंत्र ग्रंथ आपल्या परंपरेने मानला, यातच एका जातीची चिकित्सा दुसऱ्या जातीला लावू नये ही जाणीव दिसते. रुग्णाला योग्य हाती सोपविणे यात वैद्याला कोणताही कमीपणा नाही.

तथापि आपले काम तेथे संपत नाही. पशुवैद्यकांकडे मांजर पोहोचते ते विषबाधा झाल्यानंतर. आपल्याकडे त्या घरातील माणसे वर्षभर येत असतात. वनस्पतींची देशी नावे, त्यांचे पर्याय, त्यांचे विषारी भाग यांचे ज्ञान आपल्याइतके दुसऱ्या कोणत्या वैद्यकशाखेला क्वचितच असेल. ते ज्ञान वेळेआधी त्या घरात पोहोचविणे आपल्याच हाती आहे.

यासाठी आम्ही दोन लहान सूचना करतो. औषधविक्रेत्यांनी आपल्या दुकानात पुढील मजकुराची एक पाटी लावावी : “घरात मांजर असल्यास लिलीची फुले आणू नयेत. माणसांचे कोणतेही औषध मांजरास देऊ नये. मांजराने झाड खाल्ल्यास झाडाचा तुकडा घेऊन त्वरित पशुवैद्यकांकडे जावे.” तिच्याखाली जवळच्या पशुवैद्यकांचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. आणि वैद्य बंधू-भगिनींनी अभ्यंगाचे तेल लिहून देताना किंवा घरात पानफुटी-कोरफड लावण्यास सांगताना रुग्णाच्या इतिहासात एक प्रश्न वाढवावा : “घरी मांजर आहे काय?” उत्तर होकारार्थी आले, तर कुंडी उंच टांगण्यास आणि तेल अंगात मुरेपर्यंत मांजराला दूर ठेवण्यास सांगावे. याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.